स्पॅनिशभाषकांना इंग्रजी शिकवताना : कुठे 'टू', कुठे 'आयएनजी'

मेक्सिको, कोलंबिया किंवा स्पेनमधल्या विद्यार्थ्याला ऑनलाइन इंग्रजी शिकवायला घेतलं की एक गोष्ट लवकरच लक्षात येते. त्याचा शब्दसाठा चांगला असतो, कारण लॅटिनमधून आलेले असंख्य शब्द दोन्ही भाषांत जवळपास सारखेच आहेत. काळही बऱ्यापैकी जमतात. पण एका क्रियापदाला दुसरं क्रियापद जोडायची वेळ आली की घोळ सुरू होतो. 'आय लाइक स्विम', 'बिफोर टू ईट', 'आय कॅन टू ड्राइव्ह', 'आय वाँट दॅट यू कम'. या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. बहुतेकींच्या खाली एक नीटस, व्याकरणशुद्ध स्पॅनिश वाक्य दडलेलं असतं. ते वाक्य कोणतं हे शिक्षकाला ओळखता आलं, तर निम्मं काम तिथेच होतं. मोडकंतोडकं स्पॅनिश येणाऱ्या शिक्षकालाही हे जमू शकतं, त्यासाठी लागणारी वाक्यं पुढे दिली आहेत.

आधी मुळात काय आहे ते

स्पॅनिश क्रियापदाचं शब्दकोशातलं रूप आर, एर किंवा ईर यांपैकी एकाने संपतं. आब्लार म्हणजे बोलणे, कोमेर म्हणजे खाणे, बिबीर म्हणजे राहणे. हे एकच रूप सगळीकडे चालतं. कर्ता म्हणून चालतं ('फुमार एस मालो', धूम्रपान वाईट), दुसऱ्या क्रियापदानंतर चालतं ('किएरो कोमेर', मला खायचंय) आणि शब्दयोगी अव्ययानंतरही चालतं ('आंतेस दे कोमेर', खाण्यापूर्वी). इंग्रजी या तीन जागी वेगवेगळी रूपं मागते : 'स्मोकिंग इज बॅड', 'आय वाँट टू ईट', 'बिफोर ईटिंग'. विद्यार्थ्याने आयुष्यात जिथे कधी निवड केली नाही, तिथे त्याला आता दर वाक्यात निवड करावी लागते.

दुसरी अडचण नावाची आहे. स्पॅनिशमध्ये 'खेरुंदिओ' नावाचं रूप आहे : आब्लांदो, कोमियेंदो, बिबियेंदो. नाव जेरंडसारखं (इंग्रजीत नामासारख्या वापरलेल्या आयएनजी रूपाला जेरंड म्हणतात), दिसायलाही आयएनजीसारखं. पण स्पॅनिशमधलं हे रूप नाम म्हणून वापरता येत नाही. ते मराठीतल्या 'बोलत', 'खात' या रूपांच्या जवळचं आहे. 'एस्तोय कोमियेंदो' म्हणजे मी खातोय, 'सालियो कोर्रियेंदो' म्हणजे तो धावत बाहेर पडला. त्यामुळे इंग्रजीचा जेरंड शिकवताना 'खेरुंदिओ' डोक्यात आला की विद्यार्थी उलट दिशेला जातो : जिथे इंग्रजीत नामासारखं आयएनजी हवं, तिथे त्याच्या भाषेत सहसा खेरुंदिओ नसतो. आमचा स्पष्ट सल्ला असा, की वर्गात जेरंड हा शब्द वापरूच नका. 'आयएनजी रूप' आणि 'टू रूप' एवढंच म्हणा. पाठ्यपुस्तकात तो शब्द भेटेल तेव्हा भेटेल.

पहिला तास : बारा वाक्यांची चाचणी

काहीही शिकवण्याआधी खालची वाक्यं विद्यार्थ्याला लेखी भाषांतराला द्या. पंधरा मिनिटं, शब्दकोश नाही, भाषांतराचं ॲप नाही.

१. फुमार एस मालो. (धूम्रपान वाईट.)
२. मे गुस्ता नादार. (मला पोहायला आवडतं.)
३. मे लाबो लास मानोस आंतेस दे कोमेर. (जेवण्यापूर्वी मी हात धुतो.)
४. ग्रासियास पोर बेनीर. (आल्याबद्दल धन्यवाद.)
५. बिने पारा आयुदार्ते. (तुला मदत करायला आलो.)
६. से फुए सिन देसीर नादा. (काहीच न बोलता तो निघून गेला.)
७. किएरो के बेंगास. (तू यावंस असं मला वाटतं.)
८. देहे दे फुमार. (मी सिगरेट सोडली.)
९. एस्तोय आकोस्तुम्ब्रादो आ मादरुगार. (मला पहाटे उठायची सवय आहे.)
१०. आप्रेंदी लेयेंदो. (मी वाचून शिकलो.)
११. पुएदो नादार. (मला पोहता येतं.)
१२. देसीदी नो इर. (न जाण्याचं ठरवलं.)

अपेक्षित उत्तरं क्रमाने : 'स्मोकिंग इज बॅड', 'आय लाइक स्विमिंग', 'आय वॉश माय हँड्स बिफोर ईटिंग', 'थँक्स फॉर कमिंग', 'आय केम टू हेल्प यू', 'ही लेफ्ट विदाउट सेइंग एनीथिंग', 'आय वाँट यू टू कम', 'आय स्टॉप्ड स्मोकिंग', 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली', 'आय लर्न्ड बाय रीडिंग', 'आय कॅन स्विम', 'आय डिसायडेड नॉट टू गो'.

गुण देऊ नका. कोणत्या क्रमांकांना चूक झाली तेवढी नोंद ठेवा. तीन, चार, सहा चुकले असतील तर पहिल्या पायरीवर पूर्ण तास द्या. सात आणि अकरा चुकले असतील तर चौथीवर. आठ आणि नऊ जवळजवळ सगळ्यांचे चुकतात, त्यावरून पातळी ठरवू नका.

पायरी १ : अव्ययानंतर आयएनजी

बहुतेक पुस्तकं क्रियापदांच्या लांबलचक याद्यांनी सुरुवात करतात. आमच्या मते तो क्रम चुकीचा आहे. यादी पाठ करायला महिने लागतात, तर अव्ययाचा नियम एका बैठकीत समजतो आणि त्याला अपवाद जवळपास नाहीत : बिफोर, आफ्टर, विदाउट, इन्स्टेड ऑफ, बाय, फॉर, अबाउट, इन स्पाइट ऑफ यांच्यानंतर क्रियापद आलं तर ते आयएनजी रूपात येतं.

मराठी शिक्षकाला इथे एक फायदा आहे. आपणही 'जेवण्यापूर्वी', 'येण्याबद्दल', 'जाण्याऐवजी' म्हणतो, म्हणजे क्रियापदाचं आधी नाम करतो आणि मग त्याला शब्दयोगी अव्यय लावतो. इंग्रजीतही तेच घडतं. स्पॅनिश मात्र मूळ रूप तसंच ठेवते.

सराव असा घ्या. स्पॅनिश जोडी आणि तिची इंग्रजी जोडी समोरासमोर लिहा. 'आंतेस दे सालीर' समोर 'बिफोर लीव्हिंग', 'देस्पुएस दे कोमेर' समोर 'आफ्टर ईटिंग', 'सिन पागार' समोर 'विदाउट पेइंग', 'एन बेस दे त्राबाखार' समोर 'इन्स्टेड ऑफ वर्किंग'. मग क्रियापद तेच ठेवून फक्त अव्यय बदलत जा, दर अव्ययाला पाच वाक्यं. विद्यार्थी थांबला नाही म्हणजे झालं.

दोन खोड्या इथेच निस्तरा. 'सिन देसीर नादा' मधला 'नादा' नकारार्थी आहे, म्हणून विद्यार्थी 'विदाउट सेइंग नथिंग' लिहितो. इंग्रजीत दोन नकार चालत नाहीत, तिथे 'एनीथिंग' हवं. दुसरी खोडी 'आप्रेंदी लेयेंदो'ची. स्पॅनिशमध्ये इथे अव्यय नाही, खेरुंदिओ एकटाच 'वाचून' हा अर्थ देतो. त्यामुळे 'आय लर्न्ड रीडिंग' येतं, आणि त्याचा अर्थ 'मी वाचन शिकलो' असा होतो. साधन सांगायचं असेल तर 'बाय' घालायचं, हे लाल अक्षरात लिहून द्यावं इतकं महत्त्वाचं आहे. 'अल येगार' (पोहोचल्यावर) मुळे 'ॲट अराइव्ह' येतं. तिथे 'व्हेन आय अराइव्ह्ड' शिकवून पुढे जा, 'ऑन अरायव्हिंग' बोलताना कोणी फारसं वापरत नाही.

आणि एक इशारा : नियम इंग्रजी अव्ययाचा आहे, स्पॅनिश अव्ययाचा नाही. 'त्रातार दे आब्रीर' मध्ये 'दे' आहे, पण इंग्रजीत 'ट्राय टू ओपन'. 'दिफीसिल दे एन्तेंदेर' म्हणजे 'डिफिकल्ट टू अंडरस्टँड'. विद्यार्थ्याने 'दे' दिसला की आयएनजी लावायला सुरुवात केली, तर पहिली चूक गेली आणि दुसरी आली. 'आ' असलेल्या जोड्यांचं गणित सोपं आहे : 'आप्रेंदेर आ', 'आयुदार आ', 'नेगार्से आ', 'एन्सेन्यार आ' यांना इंग्रजीत सहसा 'टू'च लागतो. लर्न टू, हेल्प टू, रिफ्यूज टू, टीच समवन टू. 'सहसा' हा शब्द सहाव्या पायरीसाठी राखून ठेवला आहे.

पायरी २ : 'पोर' आणि 'पारा'

इथे विद्यार्थ्याच्या मातृभाषेचाच उपयोग करून घ्या. स्पॅनिश शिकणाऱ्या परदेशी माणसाला रडवणारा 'पोर' आणि 'पारा' यांतला फरक स्पॅनिशभाषकाला जन्मजात येतो. 'पोर' कारण सांगतो, 'पारा' हेतू सांगतो. इंग्रजीत 'पोर'साठी 'फॉर' आणि आयएनजी, 'पारा'साठी नुसतं टू रूप.

'ग्रासियास पोर बेनीर' म्हणून 'थँक्स फॉर कमिंग'. 'बिने पारा आयुदार्ते' म्हणून 'आय केम टू हेल्प यू'. 'मे मुल्तारोन पोर आपार्कार माल' (चुकीच्या जागी गाडी लावल्याबद्दल दंड झाला) म्हणून 'दे फाइन्ड मी फॉर पार्किंग बॅडली'. लॅटिन अमेरिकेतल्या विद्यार्थ्यासाठी 'आपार्कार'च्या जागी 'एस्तासियोनार' वापरा.

'पारा' आणि 'फॉर' हे दोन्ही शब्द शाळेत पहिल्याच वर्षी एकमेकांशी जोडले जातात, त्यामुळे 'आय केम फॉर हेल्प यू' किंवा 'फॉर टू हेल्प यू' ही चूक हाडीमाशी भिनलेली असते. उपाय एकच : हेतू सांगताना 'फॉर' हा शब्दच बंद. 'व्हाय डिड यू...' ने सुरू होणारे वीस प्रश्न विचारा आणि प्रत्येक उत्तर 'टू'ने सुरू करायला लावा. 'व्हाय डिड यू गो टू मद्रिद?' 'टू सी माय सिस्टर.' पूर्ण वाक्य नको, वेग हवा.

'टू टायर्ड टू गो आउट', 'ओल्ड इनफ टू व्होट' याही 'पारा'च्याच जागा आहेत ('देमासिआदो कान्सादो पारा सालीर'), इथेच उरकून घ्या. वस्तूचं काम सांगताना मात्र 'फॉर' आणि आयएनजी येतं : 'अ नाइफ फॉर कटिंग ब्रेड'. ही सवलत नवशिक्याला सांगू नका, जुनी चूक लगेच परत येते.

पायरी ३ : वाक्याच्या सुरुवातीला

'फुमार एस मालो'चं 'टू स्मोक इज बॅड' केलं तर ते व्याकरणात चुकीचं नाही, पण बोलताना पुस्तकी वाटतं. 'स्मोक इज बॅड' केलं तर अर्थ 'धूर वाईट' असा होतो. आणि 'एल फुमार' अशी आर्टिकल लावलेली रचनाही स्पॅनिशमध्ये असल्यामुळे 'द स्मोकिंग इज बॅड' येतं. सर्वसाधारण विधानाला आर्टिकल नको, हे सांगा.

आयएनजी रूप नामासारखं चालतं हे पटवायला एक मजेशीर साधन स्पॅनिशमध्ये तयार आहे. पुलावरून दोर बांधून उडी मारण्याच्या खेळाला स्पेनमध्ये 'पुएंतिंग' म्हणतात. पुएंते म्हणजे पूल, त्याला इंग्रजीचं आयएनजी जोडलं. धावण्याच्या व्यायामाला 'फूतिंग' म्हणतात. म्हणजे आयएनजी लावलं की कृतीचं नाव बनतं, हे त्यांना माहीतच आहे, फक्त तशी जाणीव करून द्यायची. पण याच शब्दांमधून एक सापळाही येतो : स्पॅनिशमध्ये 'पार्किंग' म्हणजे गाडी लावायची जागा, 'काम्पिंग' म्हणजे तंबूंची जागा आणि 'स्मोकिंग' म्हणजे चक्क समारंभात घालायचा सूट. त्यामुळे 'वुई स्टेड इन अ कॅम्पिंग' असं वाक्य येतं. इंग्रजीत आयएनजी रूप कृती दाखवतं, जागेला वेगळा शब्द लागतो : कॅम्पसाइट, कार पार्क.

'इट इज' ची रचनाही इथेच. 'एस इम्पोर्तान्ते दोर्मीर बिएन' चं 'इज इम्पॉर्टंट स्लीप वेल' होतं, कारण स्पॅनिशला कर्ता उघड लिहावा लागत नाही. इथे दोन गोष्टी एकदम सुटतात : सुरुवातीचा 'इट' आणि मधला 'टू'. वाक्याच्या दोन्ही टोकांना बोट लावून विचारा. 'तार्दो उना ओरा एन येगार' (पोहोचायला मला तासभर लागतो) चं 'इट टेक्स मी ॲन अवर टू गेट देअर' हे मात्र साच्यासकट पाठच करून घ्या, शब्दशः पोहोचायला मार्ग नाही.

पायरी ४ : क्रियापदानंतर

इथे आमचं मत थोडं टोकाचं आहे. दोन याद्या शिकवू नका, एकच शिकवा. क्रियापदानंतर क्रियापद आलं तर नेहमीचं रूप 'टू' समजा. वाँट, नीड, डिसाइड, होप, प्लॅन, प्रॉमिस, लर्न, रिफ्यूज हे सगळे आपोआप बरोबर येतात, कारण स्पॅनिश मूळ रूपाआधी 'टू' लावला की काम होतं. मग पाठ करायची ती फक्त आयएनजीवाली मंडळी.

पहिली आठ : एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड, कीप, माइंड, सजेस्ट, प्रॅक्टिस, गिव्ह अप. पुढच्या आठवड्यात मिस, इमॅजिन, कन्सिडर, डिनाय, रिस्क, कान्ट हेल्प आणि 'बी वर्थ'. शेवटच्या दोघांना स्पॅनिशमध्ये नेमक्या जोड्या आहेत : 'नो पुएदो एबितार रेईर्मे' (हसू आवरत नाही) आणि 'बाले ला पेना बेर्लो' (बघण्यासारखं आहे). 'कीप'ची जोडी 'सेगीर' आहे आणि 'सेगीर'नंतर स्पॅनिशमध्येही खेरुंदिओच येतो, 'सिगो त्राबाखांदो', 'आय कीप वर्किंग'. इतक्या सरळ जुळणाऱ्या जागा कमी, म्हणून ही आधी शिकवावी. विद्यार्थ्याचा हुरूप वाढतो.

लाइक, लव्ह, हेट, स्टार्ट, बिगिन, कंटिन्यू यांना दोन्ही चालतं. पर्याय दिला की नवशिका तिसराच निवडतो, म्हणून 'लाइक' बरोबर आयएनजी, 'वुड लाइक' बरोबर 'टू' एवढं ठरवून द्या. 'मे गुस्ता' आणि 'मे गुस्तारिया' हा फरक त्याच्याकडे आहेच.

आता नुसत्या मूळ रूपाच्या जागा. कॅन, मस्ट, शुड यांच्यानंतर काहीच नको. गंमत अशी की 'पुएदो नादार'चं शब्दशः भाषांतर 'आय कॅन स्विम' बरोबरच येतं. 'आय कॅन टू स्विम' ही चूक 'टू' शिकवल्यानंतर उगवते, म्हणजे ती आपणच पेरलेली असते. म्हणून 'टू' शिकवला त्याच दिवशी कॅन, मस्टची दहा वाक्यं करून घ्या. 'मेक' आणि 'लेट' चंही तसंच : 'मे इसो योरार' म्हणजे 'ही मेड मी क्राय', मध्ये 'टू' नाही.

मग 'किएरो के बेंगास'. स्पॅनिशमध्ये एकाने दुसऱ्याकडून काही अपेक्षिलं की 'के' येतो आणि क्रियापद सब्जंक्टिव्हमध्ये, म्हणजे इच्छा-अपेक्षा दाखवणाऱ्या वेगळ्या रूपात जातं. इंग्रजीत 'दॅट' लागत नाही, माणूस कर्म होतो आणि पुढे 'टू' येतो : 'आय वाँट यू टू कम', 'आय वाँट हिम टू कम'. 'ही'चा 'हिम' होणं इथेच राहून जातं. टेल, आस्क, एक्स्पेक्ट, नीड, वुड लाइक एका पिशवीत टाका. 'सजेस्ट' मात्र बाहेर ठेवा : 'आय सजेस्ट यू टू गो' चुकीचं, 'आय सजेस्ट यू गो' किंवा 'आय सजेस्ट गोइंग'. योगायोगाने 'सुखिएरो के बायास'च्या रचनेशी 'आय सजेस्ट दॅट यू गो' जुळतं, तेच वापरू द्या.

नकाराचा 'नॉट' नेहमी 'टू'च्या आधी किंवा आयएनजीच्या आधी : 'नॉट टू गो', 'फॉर नॉट कॉलिंग'. 'डिसायडेड नो गो' आणि 'डिसायडेड डोन्ट गो' दोन्ही ऐकायला मिळतात.

पायरी ५ : रूप बदललं की अर्थ बदलतो

स्टॉप, रिमेंबर, फरगेट, रिग्रेट, ट्राय. पुस्तकं इथे 'आयएनजी म्हणजे भूतकाळाकडे, टू म्हणजे भविष्याकडे' असा नियम देतात. रिमेंबर, फरगेट, रिग्रेटपुरता तो ठीक आहे. 'सजेस्ट' किंवा 'कन्सिडर' तो लगेच खोटा पाडतात, कारण त्यांच्यापुढची कृती अजून झालेलीच नसते. स्पॅनिशभाषकाला त्याहून पक्की खूण देता येते, ती म्हणजे 'आबेर', कृती आधी झाली आहे हे दाखवणारं सहायक क्रियापद.

'आकुएर्दाते दे सेर्रार ला पुएर्ता' (दार लावायचं लक्षात ठेव) मध्ये 'आबेर' नाही, म्हणून 'रिमेंबर टू क्लोज द डोअर'. 'मे आकुएर्दो दे आबेर सेर्रादो ला पुएर्ता' (दार लावल्याचं मला आठवतंय) मध्ये 'आबेर' आहे, म्हणून 'आय रिमेंबर क्लोजिंग द डोअर'. 'लामेन्तो देसिर्ले' (सांगायला खेद वाटतो) म्हणजे 'आय रिग्रेट टू टेल यू', 'लामेन्तो आबेर्लो दिचो' (तसं बोलल्याचा पस्तावा होतो) म्हणजे 'आय रिग्रेट सेइंग इट'. 'फरगेट'ला हीच खूण लागू. तीन क्रियापदं, एक खूण. तालिका बनवण्यात वेळ घालवू नका.

'स्टॉप'साठी दुसऱ्या पायरीवर परत जा. 'देहे दे फुमार' मध्ये कृती सुटली : 'स्टॉप्ड स्मोकिंग'. 'पारे पारा फुमार' मध्ये 'पारा' आहे, म्हणजे हेतू : 'स्टॉप्ड टू स्मोक', सिगरेट ओढायला थांबलो. डॉक्टरला 'आय स्टॉप्ड टू स्मोक' सांगितलं तर काय अर्थ होईल हे विचारलं की विद्यार्थी हसतो आणि विसरत नाही. 'ट्राय'मध्ये 'त्रातार दे' किंवा 'इन्तेन्तार' असेल तर 'टू', 'प्रोबार आ' (करून बघणे) असेल तर आयएनजी : 'ट्राय रीस्टार्टिंग द राउटर'.

पायरी ६ : 'टू' आहे, तरीही आयएनजी

'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप', 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू', 'शी ऑब्जेक्ट्स टू वेटिंग'. इथला 'टू' क्रियापदाचा नाही, तो अव्यय आहे, म्हणून पहिल्या पायरीचा नियम लागतो. ओळखायची कसोटी : क्रियापदाच्या जागी नाम ठेवून बघा. 'आय ॲम यूज्ड टू द नॉइज' चालतं, म्हणून आयएनजी. 'आय यूज्ड टू द नॉइज' चालत नाही, म्हणून 'आय यूज्ड टू स्मोक'. स्पॅनिश इथेही साथ देते : 'सोलिया फुमार' (पूर्वी ओढायचो) आणि 'एस्तोय आकोस्तुम्ब्रादो आ' (सवय आहे) ही दोन पूर्ण वेगळी क्रियापदं आहेत.

ही पायरी शिकवण्याआधी शिक्षकाने स्वतःची ई-मेल तपासावी. 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. तसंच 'आय ॲम लाइकिंग', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' ही आपली खास देणगी विद्यार्थ्याला देऊ नका. स्पॅनिशमध्ये 'गुस्तार', 'तेनेर' अशा क्रियापदांना सहसा चालू काळ लावत नाहीत, त्यामुळे ही चूक तो स्वतःहून करत नाही.

'गो शॉपिंग', 'गो फिशिंग' मध्ये 'टू' नाही. 'इर दे कोम्प्रास' मुळे 'गो ऑफ शॉपिंग', 'इर आ पेस्कार' मुळे 'गो टू फिशिंग' येतं. पाठ करण्याला पर्याय नाही.

लिहिणं आणि ऐकणं

स्पॅनिश लिखाणात व्यंजनं क्वचितच जोडीने येतात : सी, एल, एन, आर यांपलीकडे जवळजवळ नाहीच. म्हणून 'स्विमिंग'मध्ये एक एम, 'स्टॉपिंग'मध्ये एक पी लिहिला जातो. शेवटच्या अक्षरावर (सिलेबलवर) आघात, एकच स्वर आणि त्यानंतर एकच व्यंजन असेल तर व्यंजन दोनदा. 'व्हिजिटिंग'मध्ये आघात पहिल्या अक्षरावर, म्हणून टी एकच. हे वाचल्यावर काही जण 'रायटिंग'मध्येही दोन टी घालतात. तिथे शेवटचा ई गाळायचा आणि थांबायचं. 'स्टडी'ला आयएनजी लावताना वाय तसाच राहतो, 'स्टडिंग' असं काही नसतं.

बोलताना 'टू' आघाताविना जवळजवळ 'ट' इतका बारीक उच्चारला जातो. असा फिका स्वर स्पॅनिशमध्ये नाही, म्हणून विद्यार्थ्याला तो ऐकूच येत नाही, आणि जे ऐकू येत नाही ते तो बोलतही नाही. आठवड्यातून एकदा दहा वाक्यांचं शुद्धलेखन नेहमीच्या वेगाने घ्या आणि 'टू' किती सुटले ते मोजा. आयएनजीच्या शेवटच्या अनुनासिकाचं प्रदेशावर ठरतं. क्युबा, पोर्तो रिको, अंदालुसिया, गॅलिसिया इथे शब्दाच्या शेवटचा 'न' आपल्या 'ङ'सारखा उच्चारतात, तिथल्या विद्यार्थ्याला तो आवाज आधीच येतो. मेक्सिको सिटी किंवा माद्रिदचा विद्यार्थी 'सिंग'चं 'सिन' करतो. त्याला 'बँक'मधला क गाळून 'बङ्' म्हणायला लावा.

सरावाचा आराखडा

कार्डावर एकटं क्रियापद लिहू नका. 'एन्जॉय' नव्हे, 'एन्जॉय कुकिंग'. मागच्या बाजूला अर्थ नको, स्पॅनिश वाक्य हवं. आठवड्याला आठ कार्डं पुरेत. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि विसाव्या दिवशी. दोनदा अडखळलेलं कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर.

बोलण्याच्या सरावात दर चुकीला टोकू नका. पाच मिनिटं बोलू द्या, चुका लिहून घ्या आणि त्यातल्या याच विषयाच्या तीनच परत द्या, तेही बरोबर उत्तर न सांगता. 'बिफोर?' एवढं म्हणून थांबा. त्याला स्वतःला सुधारता आलं तर नियम उतरला आहे. नाही आलं तर तीच पायरी पुढच्या तासाला पुन्हा.

केंब्रिजची बी-२ फर्स्ट परीक्षा देणाऱ्यांसाठी 'यूज ऑफ इंग्लिश'चा चौथा भाग याच विषयाला खाद्य पुरवतो. सहा प्रश्न असतात, दिलेला शब्द न बदलता दोन ते पाच शब्दांत रिकामी जागा भरायची असते. सराव उलट्या बाजूने घ्या : 'आय शुडन्ट हॅव सोल्ड द कार' दिलं आणि शब्द दिला 'रिग्रेट', तर उत्तर 'रिग्रेट सेलिंग'. 'लेट्स टेक अ टॅक्सी, ही सेड' आणि शब्द 'सजेस्टेड', तर 'सजेस्टेड टेकिंग'. एका बैठकीत अशी दहा वाक्यं पुरतात. दिलेल्या शब्दाचं रूप बदलणं आणि पाचाची मर्यादा ओलांडणं, या दोन गोष्टींमुळे नियम येत असूनही गुण जातात. संक्षेप दोन शब्द धरले जातात, म्हणजे 'डिडन्ट' दोन, हे आधीच सांगून ठेवा.